गाडी सकाळी पोचते, खोली दुपारी मिळते

मित्र-मैत्रिणींसोबत दोन रात्री एखाद्या शहरात राहण्याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. वाटलं होतं, जयपूर, हंपी, हैदराबाद अशी पत्रं येतील. पण बहुतेकांना मुंबईलाच यायचंय, आणि काय पाहायचं यापेक्षा राहायचं कसं याचीच काळजी जास्त. माझ्या पथ्यावरच पडलं. फोर्टातल्या एका मध्यम हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि तिथूनच फ्रंट ऑफिस मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. काउंटरच्या आतल्या बाजूला काय चालतं ते बाहेरच्यांना कुणी सांगत नाही. मी सांगते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही अमरावतीच्या पाचजणी, एकाच भिशीतल्या, पन्नाशी-साठीतल्या. यंदा भिशीचा एक नंबर कुणालाच न देता त्या पैशात मुंबई करायची ठरवलीय. नवरे नाहीत, नातवंडं नाहीत. डिसेंबरात यायचंय, तारीख पक्की नाही. गुरुवारी रात्री अंबा एक्स्प्रेसनं निघून शुक्रवारी सकाळी सीएसएमटी, आणि रविवारी रात्री अंबानंच परत. फोर्टातलं एक हॉटेल पाहून ठेवलंय, पण ते म्हणतात चेक-इन दुपारी दोनला आणि चेक-आउट सकाळी अकराला. आमच्याकडच्या लॉजवर चोवीस तासांचा सरळ हिशेब असतो. मग सकाळी सात ते दोन पाच बायकांनी बॅगा घेऊन करायचं काय? रविवारी अकरा ते रात्रीपर्यंत काय? पाचजणींना खोल्या किती घ्याव्या? एकीची नणंद डोंबिवलीला आहे, ती म्हणते हॉटेलचा खर्च कशाला. सिद्धिविनायक, घारापुरी आणि एक नाटक, एवढं तर हवंच हवं.

उत्तर : आधी नणंदबाईंचं. आग्रह प्रेमाचा आहे, तरी डोंबिवलीला उतरू नका. फास्ट लोकल धरली तरी जाऊन-येऊन रोजचे अडीच-तीन तास गेले. शिवाय पाचजणी कुणाच्या घरी उतरल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतल्या तिघी ओट्यापाशी उभ्या असतात. नणंदबाईंचं नाटकाचं तिकीट तुम्ही काढा आणि त्यांनाच इकडे बोलवा. त्यांनाही घरातून बाहेर पडायला निमित्त मिळेल.

आता खोलीच्या वेळेचं. शुक्रवारी दोन ते रविवारी अकरा म्हणजे ४५ तास. दोन रात्रींचे ४८ तुम्ही मोजले, तर मधले तीन हॉटेलनं गिळले असं वाटणारच. पण अकराला सुटलेल्या खोलीच्या चादरी बदलायच्या, बाथरूम घासायचं, झाडू-पोछा, कचरा, पाण्याच्या बाटल्या, यात एका खोलीला अर्धा-पाऊण तास जातो. आमच्याकडे एका मुलाच्या वाट्याला रोज बारा-चौदा खोल्या असत, आणि पाहुणे सगळे एकदमच सुटत. म्हणून ते दोन वाजतात. लॉजचा चोवीस तासांचा हिशेब पाहुण्याला सोयीचा खरा, पण तिथे पलंगपोस बदललेला असतो की झटकलेला, ते तुम्हाला माहीतच आहे.

हॉटेल त्या तीन तासांवर अडून बसत नाही, फक्त आपणहून बोलत नाही. दुपारी बुकिंगवाल्याला फोन करून ‘अर्ली चेक-इन द्या हो’ म्हटलंत तर तो ‘उपलब्धतेनुसार’ म्हणून मोकळा होईल. तो त्याला शिकवलेला शब्द आहे. त्यापेक्षा गुरुवारी रात्री, अकोला सुटलं की गाडीतूनच थेट हॉटेलच्या रिसेप्शनला फोन लावा. ॲपच्या कॉल सेंटरला नको. त्या वेळेपर्यंत कोण आलं, कोण येणार नाही, कुठल्या खोल्या रात्रभर रिकाम्या राहणार हे ड्युटीवरच्या माणसाला दिसत असतं. त्याला म्हणा, ‘आमची गाडी सातच्या सुमारास लागते, पाच बायका आहोत, वॉश अँड चेंजसाठी तासभर एखादी खोली मिळेल का?’ हे ‘वॉश अँड चेंज’ आमच्या धंद्यातलं रोजचं प्रकरण. एक रिकामी खोली तासाभरासाठी उघडून द्यायची, पाहुण्यांनी आंघोळी करायच्या, कपडे बदलायचे, बॅगा लॉबीत ठेवायच्या आणि बाहेर पडायचं. कुणी फुकट देतं, कुणी थोडे पैसे घेतं. रिसेप्शनवरचा मुलगा पूर्ण खोली सकाळी सातला द्यायला कचरेल, कारण त्याचा जाब त्याला द्यावा लागतो. तासभर द्यायला त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

शुक्रवारी सकाळी पूर्ण खोलीसाठी पैसे मोजू नका. ते रविवारसाठी राखून ठेवा. तुमची खरी अडचण रविवारी आहे. अकराला खोली सोडायची, गाडी रात्री, मधे दिवसभर पायपीट आणि बाथरूमसाठी कुठलं तरी उपाहारगृह शोधायचं, हे पन्नाशीनंतर करू नये. दोन खोल्यांपैकी एक अकराला सोडा आणि दुसरी संध्याकाळी सहापर्यंत अर्ध्या भाड्यात मागा. हे शनिवारी रात्री मागायचं, रविवारी सकाळी नाही. फोर्टातल्या हॉटेलांचा पाहुणा म्हणजे कामासाठी येणारा माणूस. तो सोमवारच्या मीटिंगसाठी रविवारी रात्री येतो, त्यामुळे रविवारची दुपार त्या हॉटेलांना भाकड असते. मॅनेजरला हे ठाऊक असतं, आता तुम्हालाही आहे. याच कारणानं शुक्रवार ते रविवार फोर्टातले दर बहुधा उतरलेले असतात. कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्ल्यांत मात्र उलट, तिथे शनिवार-रविवारीच गर्दी आणि शनिवार-रविवारीच भाव.

पाचजणींना दोनच खोल्या घ्या, एक तिघींची, एक दोघींची. ‘ट्रिपल’ म्हणजे मुंबईत एक डबल बेड आणि वर एक जास्तीची सोय. ती सोय म्हणजे चाकांची खाट की जमिनीवर गादी, हे फोनवर स्पष्ट विचारा. गुडघे धरलेल्या बाईला जमिनीवरच्या गादीवरून रात्री दोनदा उठायला लावणं म्हणजे दुसऱ्या दिवशीची घारापुरी रद्द. दोघींच्या खोलीत एक मोठा पलंग हवा की दोन सुटे, तेही आधी ठरवून सांगा. न सांगितलं तर जे असेल ते मिळतं.

आणि खोल्या मैत्रीवर वाटू नका, एसीवर वाटा. तुमच्या वयाच्या बायकांचे गट काउंटरवर आले की मी मनातल्या मनात त्यांच्या दोन खोल्या करून टाकायचे, एक घाम येणाऱ्यांची आणि एक शाल घेणाऱ्यांची. एकीला रात्री दोन वाजता अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, ती एसी अठरावर नेते. दुसरी सांधे धरून बसते, ती पंखासुद्धा बंद करते. या दोघी जिवलग म्हणून एका खोलीत राहिल्या की शनिवारी नाश्त्याला दोन टेबलांवर बसतात. घरून निघतानाच विचारून घ्या, कुणाला गार लागतं, कुणाला उकडतं. घोरणं दुसऱ्या नंबरावर. घोरण्याला कापसाचे बोळे पुरतात, एसीला काही पुरत नाही.

फोनवर अजून एक-दोन गोष्टी विचाराल तर फसगत टळेल. खिडकी कुठे उघडते? फोर्टातल्या जुन्या इमारतींत ‘खिडकी आहे’ याचा अर्थ ती डक्टमध्ये उघडते असाही होतो. समोर हातभरावर भिंत, खाली पाइप, वर कबुतरं. वेबसाइटवर त्याच खिडकीला सुंदर पडदा लावलेला असतो. लिफ्ट आहे का, हे विचारून थांबू नका. ती कितव्या मजल्यापासून कितव्यापर्यंत जाते ते विचारा. बऱ्याच जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोचायलाच आठ-दहा पायऱ्या असतात. गरम पाणी चोवीस तास की सकाळी ठरावीक वेळेत? पाचजणींच्या आंघोळी म्हणजे हा प्रश्न किरकोळ नाही. आणि बुकिंग झाल्यावर खोली वरच्या मजल्याची, लिफ्टपासून लांब, एवढं मागून ठेवा. मध्यरात्री लिफ्टचा दरवाजा खडखडला की पहिली झोप तिथेच मोडते.

तारखेचं म्हणाल तर सहा डिसेंबरच्या आगेमागे नको. नागपूर-अमरावतीकडून येणाऱ्या गाड्या त्या दिवसांत चैत्यभूमीला निघालेल्या लोकांनी भरलेल्या असतात, दादरलाही पाय ठेवायला जागा नसते. तो त्यांचा दिवस आहे, आपण आठवडाभर सरकावं. नाताळच्या आठवड्यात भाव चढतात. म्हणजे मधला आठवडा उरला. रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं. आधी गाडी, मग हॉटेल. उलटं केलंत आणि परतीचं तिकीट मिळालं नाही तर खोली रद्द करायची धावपळ.

फिरण्याचं सगळं मी ठरवून देणार नाही, पण काय कुठल्या दिवशी हे थोडं वेळांवर अवलंबून आहे. शुक्रवारी आवरून झालं की पायी धोबीतलावाला जा, मेट्रो सिनेमासमोर कयानी अँड कंपनी आहे, १९०४ सालची इराण्याची. बन मस्का, चहा, मावा केक. लाकडी खुर्च्यांवर बसायचं, घाई नाही. तिथून मंगलदास मार्केट. साड्या-ड्रेसचं कापड घ्यायचं तर शुक्रवारीच घ्या, रविवारी ते बंद असतं. दोनला खोली ताब्यात घेऊन पाठ टेका. संध्याकाळी सिद्धिविनायकाला लोकलनं जाऊ नका, शुक्रवार संध्याकाळची लोकल बाहेरगावच्या माणसासाठी नाही. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालीय. सीएसएमटीला बसायचं, सिद्धिविनायक नावाच्याच स्टेशनात उतरायचं. गारेगार, आणि बसायला जागाही मिळण्याचा संभव. दर्शन झालं की दादरला ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष.

घारापुरी शनिवारी सकाळी, गेटवेवरून नऊच्या सुमाराच्या बोटीनं. बोटीला तासभर लागतो. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पण पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा. हातात खाऊची पिशवी धरू नका, माकडं तुमच्याहून चपळ आहेत. लेण्यात गेल्यावर लगेच फोटो काढू नका. समोरची ती तीन मुखांची सदाशिवमूर्ती जवळजवळ वीस फुटांची आहे, आणि डोळे अंधाराला सरावले की मग एकेक मुख वेगळं दिसायला लागतं. डावीकडचं, म्हणजे तुम्ही समोर उभ्या असताना डावीकडचं, रागीट. उजवीकडचं बायकी, हातात कमळ. सोमवारी लेणी बंद असतात, तुम्हाला त्याची अडचण नाही.

दुपारी परत, झोप, आणि रात्री दादरच्या शिवाजी मंदिरला नाटक. नाटक सुटल्यावर टॅक्सी करा. दादरपासून फोर्टापर्यंत रिक्षा नाहीत, हे अमरावतीहून येणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही आणि मग त्या रस्त्यावर उभ्या राहून रिक्षाची वाट बघतात. काळी-पिवळी मीटरनं येते, कमीत कमी भाडं ३१ रुपये. एका टॅक्सीत चौघी, त्यामुळे दोन कराव्या लागतील. नणंदबाई असतीलच, तिघी-तिघी. मात्र त्यांना रात्री डोंबिवलीला एकट्या पाठवू नका. दोघींच्या खोलीत तिसरी माणूस ठेवायची तर काउंटरवर नाव आणि ओळखपत्र द्या, जास्तीच्या गादीचे पैसे द्या. लपवून नेऊ नका. आम्हाला नेहमी कळतं, नाश्त्याला.

रविवार सकाळ फोर्टासाठी. दुकानं बंद, रस्ते रिकामे, आणि आठवडाभर माणसांच्या आड गेलेल्या इमारती दिसतात. १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक, तिथून पुढे ओव्हल मैदान. मैदानाच्या एका अंगाला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, सगळं टोकदार कमानींचं, एकोणिसाव्या शतकातलं. दुसऱ्या अंगाला १९३० च्या आसपासच्या गोल कोपऱ्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या राहत्या इमारती. दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. मधे पोरं क्रिकेट खेळत असतात, एकाच वेळी इतके सामने की कोण कुणाचा चेंडू अडवतोय कळत नाही. रविवारी लोकलनं कुठे जायचा बेत करू नका, मेगाब्लॉक असतो. अकराच्या आत परत, एक खोली सोडा, पाचही बॅगा दुसरीत, आणि सहापर्यंत दार लावून गप्पा मारा. त्यासाठीच तर आलाय ना.

प्रश्न : आम्ही चार मित्र, तिघे नाशिकचे, एक ठाण्याचा. मुंबईत एका रात्रीसाठी ॲपवर दोन खोल्या बुक केल्या, पैसे भरले. काउंटरवर सांगितलं, ‘लोकल आयडी चालत नाही, ठाण्याच्या मुलाला ठेवता येणार नाही.’ असा कायदा आहे का? नाशिकच्या एकाकडे फक्त पॅन कार्ड होतं, तेही नाकारलं.

उत्तर : दोन गोष्टी वेगळ्या करू. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते नाकारणं बरोबर आहे. पाहुण्याच्या पत्त्याची नोंद हॉटेलला ठेवावीच लागते. आधार, लायसन्स, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट न्या. आधार द्यायचं तर मास्क्ड आधार काढून ठेवा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. झेरॉक्सची चळत कुठल्या ड्रॉवरमध्ये पडून राहते ते मी पाहिलेलं आहे.

‘लोकल आयडी’चं तसं नाही. सज्ञान माणसानं स्वतःच्या शहरात हॉटेलात राहू नये असा कायदा नाही. हा हॉटेलांचा स्वतःचा नियम. चार तरुण मुलं, त्यात एक जवळपासचाच, म्हणजे दारू, आरडाओरडा आणि रात्री अजून सहा मित्र, असं मॅनेजरच्या डोक्यात असतं. कधीकधी तसं होतंही, नाही असं नाही. पण मग तो नियम बुकिंगच्या वेळी ठळक लिहिलेला पाहिजे. लिहिलेला नसताना दारात नाकारलं तर पैसे पूर्ण परत मागा. काउंटरवर भांडू नका. तिथूनच ॲपवाल्यांना फोन करा, नाकारण्याचं कारण हॉटेलकडून मेसेजवर घ्या. तोंडी नकाराची उद्या आठवण कुणाला राहत नाही. पैसे अडले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढच्या वेळी बुकिंगच्या आधी एक फोन करा, ‘चौघांतला एक ठाण्याचा आहे, चालेल ना?’ आणि ज्यानं ‘चालेल’ म्हटलं त्याचं नाव लिहून ठेवा. नाव विचारलं की माणूस जपून बोलतो.

प्रश्न : पुण्याच्या आम्ही तिघी, ऑफिसातल्या. ॲपवर दर ७,४००, हॉटेलला फोन केला तर ७,९००. असं उलटं कसं? स्वस्त ते ॲपवरच घ्यावं ना?

उत्तर : फोनवर ज्यानं दर सांगितला त्यानं तुम्हाला छापील भाव सांगितला. त्याला विचारा, ‘ॲपवर ७,४०० आहे, तुम्ही किती द्याल?’ ॲपचं कमिशन पंधरा-वीस टक्के, कधी त्याहूनही जास्त असतं. म्हणजे तुमच्या ७,४०० मधले हॉटेलच्या हातात सहा हजारच्या आसपास पडतात. तुम्हाला थेट ७,००० ला देऊनही ते फायद्यात असतात. काही साखळी हॉटेलांचे हात बांधलेले असतात, ते दर उतरवणार नाहीत. मग नाश्ता मागा, किंवा उशिराचं चेक-आउट. दर उतरवायला वरची परवानगी लागते, ही सोय द्यायला बऱ्याचदा लागत नाही.

आता कर बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आणि त्यावर गेलं की १८. तुमचे ७,४०० करासह ७,७७० होतात आणि ७,९०० करासह ९,३२२. पाचशेचा वाटणारा फरक दीड हजारावर गेला. म्हणून ‘करासकट किती’ याच आकड्याची तुलना करायची. थेट बुकिंगमध्ये घासाघीस करताना ७,५०० ही रेघ लक्षात ठेवा, रेघेच्या जरा वर असलेला दर खाली आणायला हॉटेललाही सोयीचं असतं.

एवढं करून थेट घेतलंत तर एक मोठा फायदा पुढे आहे. हॉटेल भरलं आणि खोल्या कमी पडल्या की कुणाला दुसरीकडे हलवायचं, हा प्रश्न येतो. तेव्हा यादीत सर्वात आधी कोणाकडे बोट जातं? ज्यानं सर्वात स्वस्त ॲपवरून एक रात्र घेतलीय त्याच्याकडे. थेट बोललेल्या पाहुण्याला हलवायला आम्ही नाखूश असायचो, कारण त्याच्याशी आपणच बोललेलो असतो.

रेस्टॉरंटच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो सक्तीचा नाही. २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. काढायला सांगा, वाद न घालता काढतात.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये एक मैत्रीण प्रत्येक वेळी ‘तू भर, मी नंतर जीपे करते’ म्हणते. ते नंतर कधी येतच नाही. आता तिघी हैदराबादला चाललोय. काय करू? — सोलापूर

उत्तर : हॉटेलचे पैसे निघायच्या आधी प्रत्येकीकडून घ्या, खोली तुमच्या नावावर बुक करून आणि ‘ज्यांचे आले त्यांचीच नावं टाकतेय’ असा मेसेज ग्रुपवर टाकून. तिथे पोचल्यावर सारख्या रकमेची एक सामाईक पर्स करा आणि ती तिच्याच हातात द्या. हसू नका, करून बघा. पैसे तिच्याकडे असले की ती इतकी काटकसर करते की तुम्हालाच बिर्याणीसाठी भांडावं लागेल. खोलीतल्या फ्रिजमधलं, लाँड्री, स्वतःची खरेदी ज्याची त्याची. आणि खोलीची चावी-कार्डं दोन मागा, तिघींत एकच असलं की एकजण कायम दाराबाहेर उभी असते.

प्रश्न : टिप किती द्यावी, कुणाला? — रत्नागिरी

उत्तर : बॅगा उचलणाऱ्याला लोक देतात, कारण तो समोर उभा राहतो. ज्यानं तुमचं बाथरूम घासलं तो दिसत नाही. त्याला द्या, पन्नास-शंभर, ऐपतीप्रमाणे. शेवटच्या दिवशी एकदम नको, रोजचे रोज ठेवा, कारण आज खोली करणारा मुलगा उद्या सुट्टीवर असू शकतो. उशीवर ठेवा आणि सोबत चिठ्ठीवर ‘हाउसकीपिंगसाठी’ एवढं लिहा. चिठ्ठी नसेल तर प्रामाणिक मुलगा ती नोट विसरलेली समजून खाली आणून देतो, आणि ती लॉस्ट अँड फाउंडच्या पाकिटात, खोली नंबर आणि तारीख टाकून, कपाटात पडून राहते.